नव्या रूपातल्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही: फीचर्स, भरवसा आणि आपलं खान्देशातलं ऊन

पाचोरेकर
मंडळी, राम राम.

घरात २०१७ ची व्हिटारा ब्रेझा आहे, ती १.३ लिटर डिझेलवाली. गाडीबद्दल तक्रार शून्य. पण सौ.ला आता ऑटोमॅटिकच हवी, पोरगी पुण्याला शिकायला गेल्यापासून कन्नड घाटातून जाणं-येणं वाढलंय, आणि जुन्या गाडीत एअरबॅगा दोनच. म्हणून बदलायचं चाललंय. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या आसपास होतात. त्यातलं निम्मं पाचोरा-जळगाव-भडगाव.

जळगावातले शोरूम पालथे घातले. जिथे जावं तिथे पोरगा आधी स्क्रीन लावतो, मग सनरूफ उघडतो, मग आतल्या दिव्यांचे रंग बदलून दाखवतो. इंजिनाचं विचारलं की "सर, ते सेमच आहे". गेल्या दोन-तीन वर्षांत या वर्गातल्या बहुतेक गाड्या नवं रूप घेऊन आल्यात, त्यामुळे डोकं गरगरायला लागलंय.

प्रश्न दोनच. एक, या नव्या फीचर्सपैकी आपल्या उन्हात, धुळीत, रस्त्यांवर दोन-तीन वर्षांनंतरही कामाचं काय उरतं? दोन, नवं रूप आलं म्हणजे जुन्या मॉडेलचा भरवसा तसाच पुढे येतो, की पहिल्यापासून परीक्षा?

बजेट ऑन रोड चौदा-पंधरा. ज्यांनी वापरलीय त्यांनीच सांगा, यूट्यूब माझं पाठ झालंय.

भरीतभाकर
भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन बसलोय. चालू द्या.

धुळेकर
पाचोरेकर, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथेच सगळी मेख आहे.

"नवीन गाडी" म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही ठिकाणी फक्त बंपर, दिवे आणि स्क्रीन बदलतात. काही ठिकाणी तेच इंजिन पण गिअरबॉक्स नवा असतो. आणि काही ठिकाणी खरंच नवी पिढी असते. नेक्सॉन घ्या. २०१७ ला आली, २०२० च्या जानेवारीत चेहरा बदलला, २०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा बदलला. १.२ टर्बो पेट्रोल आणि १.५ डिझेल ही दोन्ही इंजिनं तीच राहिली, पण २०२३ ला पेट्रोलसोबत सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आला. म्हणजे डिझेल मॅन्युअल घेणाऱ्याला जुना अनुभव जसाच्या तसा लागू, ड्युअल क्लच घेणाऱ्याला नाही. महिंद्राच्या थ्रीएक्सओचं पाहा. २०१९ च्या एक्सयूव्ही ३०० चंच ते २०२४ च्या एप्रिलमधलं रूप. इंजिनं ओळखीची, पण आतला सगळा डॅशबोर्ड, स्क्रीन आणि अडास (कॅमेरा-रडारने रस्ता बघून ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) नवीन. सॉनेट २०२० ची, चेहरा २०२४ च्या जानेवारीत बदलला. व्हेन्यू मात्र २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या पिढीची आली, तरी इंजिनं तीच. तुमची ब्रेझा २०२२ ला पूर्ण बदलली आणि त्याआधीच, २०२० ला, बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले तेव्हा तिचं डिझेल बंद झालं.

माझं मत असं: इंजिन जुनं असेल तर शोरूमवाल्याने ते लाजत सांगू नये, छाती फुगवून सांगावं. बिघडायचं ते नव्या वायरी, नवे सेन्सर आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये बिघडतं. म्हणून नवं रूप आलं की सहा-आठ महिने थांबायचं, पहिल्या खेपेच्या गिऱ्हाइकांना कंपनीची परीक्षा घेऊ द्यायची.

केळीवाला_रावेर
धुळेकर, थांबा थांबा म्हणत तुम्ही तीन मॉडेलं जाऊ दिलीत, माहीत आहे आम्हाला. :)

माझा अनुभव एसीच्या बटणांचा. गाडीचं नाव सांगत नाही, नाहीतर धागा पेटेल. आमच्या गाडीत एसीची बटणं गेली आणि काळं चकचकीत टच पॅनेल आलं. शेतात घड कापून आलं की बोटांना केळीचा चीक असतो. चीक म्हणजे काय ते रावेर-यावलवाल्यांना सांगायला नको, कपड्याला लागला की कपडा गेलाच समजायचं. तसल्या बोटाने पंखा कमी करायला गेलं की पॅनेल ऐकत नाही, दोनदा दाबलं की एकदम फुल्ल करून टाकतं. शिवाय चालत्या गाडीत खाली बघावं लागतं ते वेगळंच. जुन्या गाडीत गोल बटण होतं, न बघता फिरवायचो. त्या पॅनेलवर चिकाचे काळे डाग पडलेत ते अजून निघालेले नाहीत. बायको म्हणते रॉकेल लावून बघा. लावलं नाही अजून.

फीचर बघताना एवढंच बघा: एसी आणि आवाजाला खरं बटण आहे का.

अहिर_अमळनेर
भाऊ, उन्हायामा जयगावले छप्पर उघडीसन कोण फिरस? डोकं भाजानं शे का?

नंदुरबारी_मिरची
अहिर भाऊ, तुम्हनं बरोबर शे. पण सनरूफचा खरा हिशोब उन्हाळ्यात नाही, पहिल्या पावसात होतो.

सनरूफच्या चारी कोपऱ्यांना बारीक नळ्या असतात. कडेने आत शिरलेलं पाणी त्या नळ्यांतून खांबातून खाली जाऊन बाहेर पडतं. आपल्याकडे मार्च ते मे नुसती धूळ आणि कडुनिंबाचा फुलोरा. गाडी लिंबाखाली लावायची सवय, कारण सावली तेवढीच. त्या फुलोऱ्याने आणि धुळीने पुढच्या एका नळीचं तोंड बुजलं होतं. पहिला जोराचा पाऊस झाला, कोंडाईबारीच्या घाटात ब्रेक मारला आणि छतातल्या दिव्याच्या बाजूने पाण्याची धार थेट माझ्या मांडीवर. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला रबर बदलू, मोठा खर्च काढला. शेवटी ओळखीच्या गॅरेजवाल्याने मऊ प्लॅस्टिकची तार घालून नळी मोकळी केली, काळ्या चिखलाचा गोळा निघाला. त्यानंतर आजतागायत थेंब नाही.

सनरूफ घेणार असाल तर मे संपायच्या आत नळ्या साफ करून घ्या. जोरात हवा मारू देऊ नका, आतल्या आत जोड निसटला तर पाणी गालिच्याखाली मुरतं आणि मग वास येतो.

लेवाची_लेक
सनरूफला सगळे पुरुष नावं ठेवतात आणि तोरणमाळला गेलं की पहिलं डोकं यांचंच बाहेर. (चालत्या गाडीत डोकं बाहेर काढू नका, पोरांना तर अजिबात नाही. जोराचा ब्रेक लागला तर मान जाते.)

पाचोरेकर दादा, ऑटोमॅटिक वहिनींसाठी आहे ना? मग गाडी निवडायला वहिनींना घेऊन जा. मी जळगावात रोज चालवते. फुले मार्केटच्या मागच्या गल्लीत एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला आडवी लावलेली मोटारसायकल, मागून रिक्षा. तिथे चारी बाजूंचा कॅमेरा हे मला आतापर्यंतचं सगळ्यात उपयोगी फीचर वाटतं. डाव्या आरशाखालचा कॅमेरा गटाराची कड दाखवतो, ती सीटवरून कधीच दिसत नाही. अट एकच, पावसाळ्यात मागचा कॅमेरा चिखलाने आंधळा होतो, डिकीत एक फडकं ठेवायचं.

दुसरं थंड हवेची सीट. शोरूममध्ये एसीत बसून कळत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला उन्हात तापलेल्या गाडीत बसलात तर पहिली पाच-सात मिनिटं ती गरमच हवा खेळवते, कारण सीटच्या आत बर्फ नसतो, केबिनमधलीच हवा पंख्याने फिरते. पण भुसावळपर्यंत गेलं तरी पाठ ओली होत नाही. हे फीचर मी सनरूफच्या आधी घेईन.

भरीतभाकर
लेक ताई, पहिलं डोकं बाहेर काढणाऱ्यात मी होतो हे इथे सांगायची काय गरज होती?

गॅरेजवाला_चाळीसगाव
मी गाड्या विकत नाही, त्यामुळे कुणाचं बरं-वाईट करायचा प्रश्न नाही. माझ्या पिटवर काय येतं ते सांगतो.

इंजिन उघडायची वेळ क्वचित येते. जे येतं त्यात पहिला नंबर उंदरांचा. हसू नका. कपाशीच्या नाहीतर मक्याच्या शेताजवळ गाडी लावली की बॉनेटखाली उंदीर घर करतो. पूर्वीच्या गाडीत चार वायरी कुरतडायचा, मी जोडून द्यायचो. आताच्या गाडीत तो जो जुडगा कुरतडतो त्यात ब्रेकचा सेन्सर, रडार, कॅमेरा सगळं असतं. डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे लागतात, माणूस घाबरतो की गाडी गेली. जोडून चालत नाही, अख्खं हार्नेस बदला म्हणतात. इन्शुरन्समध्ये उंदराचं नुकसान धरलंय का ते आधी विचारून घ्या.

दुसरा नंबर बॅटरी. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. थंडीत बॅटरी दगा देते असं लोक समजतात, तिला खरं मारतं ऊन. थंडीत फक्त ते उघडं पडतं. नव्या गाड्यांत सगळं विजेवर, त्यामुळे बॅटरी थोडी कमजोर झाली की स्क्रीन आपोआप बंद-चालू होणं, कॅमेरा न लागणं असली भुताटकी सुरू होते. गिऱ्हाईक सॉफ्टवेअरला शिव्या घालतं. मी आधी मीटर लावून बॅटरी बघतो.

तिसरं, एसी. जिनिंगच्या मोसमात रुईचा कचरा उडतो आणि कंडेन्सरच्या जाळीत बसतो. एसी चालू असतो पण थंड होत नाही. गॅस भरून घेतात, पैसे घालवतात. आधी जाळी साध्या पाण्याने, कमी प्रेशरने धुवा.

चौथं, सस्पेन्शन. पंधरा हजार किलोमीटरला लिंक रॉड नि बुश वाजायला लागले तर नवल मानू नका, सगळ्यांच्याच वाजतात, रस्ते बघा. सतरा इंची रिम आणि बारीक टायर फोटोत छान दिसतात. मी तुमच्या जागी असतो तर सोळा इंचीवाला व्हेरियंट घेतला असता.

डिझेलच्या डीपीएफचं कोणी विचारलं तर लिहीन, आत्ता पिटवर गाडी उभी आहे.

पाचोरेकर
गॅरेजवाले दादा, मीच विचारतो. डिझेल ऑटोमॅटिकचं मनात आहे. लोक भीती घालतात.

डिझेलदादा
डिझेलचं नाव निघालं आणि मी आलो नाही असं होईल का?

आधी कराचं समजून घ्या, कारण यात बरेच जण अडकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, पण अट आहे: पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. आधी २८ टक्के आणि वर सेस होता, छोट्या डिझेलला मिळून ३१. म्हणजे १.५ डिझेलवाल्यांना पेट्रोलपेक्षाही जास्त फायदा झाला. गंमत ब्रेझाची. ती चार मीटरच्या आत, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसी, त्यामुळे ती ४० टक्क्यांच्या खान्यात. आधी ४५ होता, म्हणजे उतरलं, पण इतरांएवढं नाही.

आता ऑटोमॅटिक. हा शब्द ऐकून गाडी घेऊ नका, आत काय आहे ते विचारा. नेक्सॉन आणि थ्रीएक्सओच्या डिझेलमध्ये एएमटी, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच नि गिअर मोटर टाकते. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण घाटात गिअर बदलताना डोकं पुढे-मागे हलतं. सॉनेटच्या आणि नव्या व्हेन्यूच्या डिझेलमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे नेहमीच्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक. मऊ चालतो, जुनं नि पारखलेलं तंत्र, भाव जास्त. पेट्रोलमध्ये ब्रेझा, स्कोडाची कायलॅक आणि थ्रीएक्सओला टॉर्क कन्व्हर्टर, तर नेक्सॉन, व्हेन्यू आणि सॉनेटच्या टर्बोला ड्युअल क्लच. ड्युअल क्लच मोकळ्या रस्त्यावर मजा आणतो, पण चढावर रांगेत अर्धा फूट पुढे, थांब, अर्धा फूट पुढे असं केलं की क्लच तापतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक दाबायचा.

धुळेकर
दादा, कन्नड घाटात आता तेवढी रांग नसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाने जड वाहनांना बंदी घातली तेव्हापासून घाट कारवाल्यांना पुष्कळ सुसह्य झालाय. आधी एक ट्रेलर वळणावर अडकला की चाळीसगावपर्यंत लाईन.

केळीवाला_रावेर
आणि ते सगळे ट्रक दुसरीकडून फिरून जातात त्याचं काय? आमच्या केळीच्या गाड्यांचं डिझेल कोण भरणार?

धुळेकर
त्याला वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

गॅरेजवाला_चाळीसगाव
हां, डीपीएफ. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी. चुलीच्या धुराड्यात काजळी साचते तशी साचते, फरक एवढाच की गाडी ती स्वतः जाळून टाकते. जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, आणि तो तापायला गाडी एका लयीत पळावी लागते. घर ते दुकान दोन किलोमीटर, दुकान ते शाळा दीड किलोमीटर असं वर्षभर केलंत तर जाळी तुंबते, दिवा लागतो. दिवा लागला की घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. हायवेवर काढा, एक गिअर खाली ठेवून वीसेक मिनिटं एका वेगात चालवा, बहुतेक वेळा दिवा जातो. दिवा लागलेला असताना तसेच गल्लीत फिरत राहिलात तर पुढचं काम कंपनीतच, आणि ते महाग.

पाचोरा-जळगाव हे डीपीएफच्या हिशोबाने "जवळचं" नाही. तेवढ्यात जाळी साफ होते. तुम्हाला डिझेल चालेल. गावातल्या गावात भाजी आणायला मात्र स्कूटर काढा.

ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. "सगळं ऑइल सारखंच" म्हणणाऱ्या माझ्या धंद्यातल्या भावांपासून सांभाळून.

पुण्यातला_खान्देशी
अडासवर कोणीच बोलेना. मी पुण्यात असतो, महिन्या-दोन महिन्याने भुसावळला येतो. पुढच्या गाडीपासून अंतर राखून आपोआप चालणारा क्रूझ समृद्धीवर स्वर्ग आहे. संभाजीनगर सोडलं की मात्र मी तो बंद करतो. पुढे सुरक्षित अंतर सोडलं की त्या जागेत एक मोटारसायकल येते. गाडी ब्रेक मारते. मोटारसायकल जाते, दुसरी येते. मागचा डंपर हॉर्न देतो.

लेन राखणारं फीचर पट्टे दिसले तरच चालतं. पट्टे कुठे आहेत?

अहिर_अमळनेर
पट्टा शेतस ना. निवडणूकना आगोदर मारतस. :)

डिझेलदादा
अडास म्हणजे बिनकामाचा खर्च. ४० हजारात त्यापेक्षा चांगले टायर येतात.

पुण्यातला_खान्देशी
दादा, इथे तुमच्याशी पटणार नाही. आपोआप ब्रेक हा त्यातला एकच भाग धरला तरी मी पैसे देईन. रात्री एरंडोलच्या पुढे बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली, कपाशी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. मला दिसायच्या आधी गाडीने किंचाळून ब्रेक लावला. आता हेही सांगतो, दिवसा याच गाडीने उगाच, समोर काही नसताना, पुलाच्या कठड्याला घाबरून ब्रेक मारलाय. दोन्ही खरं आहे. पण पहिल्या प्रसंगानंतर मी ते फीचर कधी बंद केलं नाही.

गॅरेजवाला_चाळीसगाव
अडासवाल्यांसाठी एक. कॅमेरा पुढच्या काचेच्या वर, आरशामागे असतो. खडी उडून काच फुटली आणि बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि ते माझ्यासारख्याकडे होत नाही. साध्या काचेच्या भावात काम आटोपेल असं समजू नका. झिरो डेप इन्शुरन्स (पार्टचा घसारा न कापता भरपाई देणारा) घ्या. बंपरच्या मागे रडार असेल तर त्यावर जाडजूड गार्ड बसवायचा नाही.

नंदुरबारी_मिरची
गार्ड बसवायचाच नाही, ते नियमातही बसत नाही.

केळीवाला_रावेर
स्टार बघा की सगळे! पाच स्टारवाली घ्या, विषय संपला. पाच स्टार म्हणजे गाडी दणकट, दहा वर्षं बघायला नको.

लेवाची_लेक
केळीवाले काका, पाच स्टारचा आणि दहा वर्षांचा संबंध नाही. भारत एनकॅपमध्ये गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आपटतात, बाजूने धडक देतात, खांबावर घसरवतात आणि आतल्या पुतळ्यांना किती इजा झाली ते मोजतात. स्क्रीन पाच वर्षं टिकेल का हे त्यात कोणी बघत नाही. नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, आणि नव्या रूपाला २०२४ मध्ये कडक नियमांखाली पुन्हा मिळाले. थ्रीएक्सओ आणि कायलॅकलाही भारत एनकॅपचे पाच आहेत. हे सगळं चांगलंच आहे. पण भरवसा हा वेगळा विषय, त्याचे स्टार कोणी देत नाही, ते गॅरेजवाल्या दादांना विचारावे लागतात.

आणि मागच्या सीटवर बेल्ट लावत नसाल तर पाचही स्टार शोरूममध्येच ठेवून या.

केळीवाला_रावेर
ताई, बेल्ट आता लावतो. चीक लागतो त्याला पण.

धुळेकर
पेट्रोलचा विचार करणाऱ्यांसाठी थोडं. पंपावर आता ई-२० च, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा, त्यामुळे गणितानेच मायलेज सहा-सात टक्क्यांनी कमी पडतं. त्यात गाडीचा दोष नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-पाइप ई-२० ला चालणारे आहेत, त्यामुळे नव्या गाडीला भीती नाही. पण छोटं टर्बो पेट्रोल, भरलेली गाडी, मे महिना आणि एसी फुल्ल असं असेल तर शोरूमचा मायलेजचा आकडा विसरा.

भरीतभाकर
आकडा काय, मे महिन्यात मी माझं नाव विसरतो.

पुण्यातला_खान्देशी
सर्व्हिसवर कोणीतरी लिहा. माझ्या मते निम्मा भरवसा तिथे असतो. गाडी तीच, पुण्यात एका दिवसात पार्ट मिळतो, आणि गावाकडे "मागवलाय, येईल" ऐकत बसावं लागतं. कंपनी कुठली ते सांगत नाही, पण माझ्या मामांची गाडी एका छोट्या सेन्सरसाठी भरल्या लग्नसराईत उभी राहिली. वरात दुसऱ्याच्या गाडीतून काढली.

लेवाची_लेक
बरोबर. बुकिंगच्या आधी शोरूमच्या काचेतून बाहेर या आणि मागच्या वर्कशॉपमध्ये जा. तिथे चहा पीत उभ्या असलेल्या गाडीमालकांना विचारा. अर्ध्या तासात जे कळतं ते कुठल्याच व्हिडिओत नाही. नव्या रूपाच्या गाड्या पिटवर कशासाठी आल्यात, सॉफ्टवेअर अपडेटला की खरंच काही उघडलंय, ते नजरेनेच दिसतं.

आणि वाढीव वॉरंटी घ्या. आजकाल जे जातं ते लोखंड नाही, सर्किट आहे, आणि सर्किट दुरुस्त होत नाही, बदलतात.

पाचोरेकर
धन्यवाद मंडळी, बरंच डोकं साफ झालं. काल सौ.ला घेऊन दुपारी दोनला मुद्दाम गेलो, उन्हात उभी असलेलीच टेस्ट ड्राइव्हची गाडी मागितली. सेल्सवाला म्हणत होता, सर आत थंड केलेली आहे ती घ्या. नको म्हटलं.

एएमटी चालवल्यावर सौ. म्हणाली, हिला गिअर टाकायला मीच मदत करावी असं वाटतंय. तो विषय तिथेच संपला. ड्युअल क्लच तिला आवडला, मला घाटाची धास्ती. डिझेल टॉर्क कन्व्हर्टर दोघांनाही पटला. आता त्यातल्या दोनच गाड्या उरल्या. एक नव्या पिढीची, दुसरी चेहरा बदलून बरेच दिवस झालेली. इंजिन-गिअरबॉक्स जवळजवळ तेच. धुळेकरांच्या हिशोबाने जुनी घ्यायची. स्क्रीन छोटी चालेल, एसीला बटणं आहेत, सीट थंड आहे.

अडासचं ठरेना. वरचा व्हेरियंट घेतला तर बजेट फुटतं.

डिझेलदादा
फुटू देऊ नका. सहा एअरबॅगा, सोळा इंची टायर, वाढीव वॉरंटी, यात पैसे घाला.

पुण्यातला_खान्देशी
रात्रीचं चालवणं किती आहे? रात्री पुण्याहून निघत असाल तर बजेट फुटू द्या. दिवसा फिरत असाल तर दादांचं ऐका.

पाचोरेकर
रात्री घाट नको असं सौ.चं फर्मान आहे, पहाटे निघतो. म्हणजे मधला व्हेरियंट.

गॅरेजवाला_चाळीसगाव
छान. ताबा घेताना टायरवरची तारीख आणि बॅटरीवरची तारीख बघा. यार्डात उन्हात पडून राहिलेली गाडी गळ्यात मारतात. गाडी बनल्याचा महिना चेसिस प्लेटवरून लिहून घ्या. सेल्सवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

धुळेकर
आणि जुनी ब्रेझा एक्सचेंजला देणार असाल तर नवी नंबरप्लेट बसवलीय ना? एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना एचएसआरपी लागते, त्याशिवाय नावावर करायला आरटीओत अडतं. फास्टॅग बंद करून घ्या, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय डीलरचा पिच्छा सोडायचा नाही.

केळीवाला_रावेर
ब्रेझा किती पळालीय? एक्सचेंजमध्ये काय भाव देतायत? माझा भाचा डिझेलच शोधतोय.

पाचोरेकर
केळीवाले काका, मेसेज करतो. नंबरप्लेट बसवून झालीय. फास्टॅगचं चांगलं सांगितलंत.

आता फक्त रंग राहिला. सौ.ने काळा पक्का केलाय.

अहिर_अमळनेर
काया??

गॅरेजवाला_चाळीसगाव
दादा, एसीचा कंडेन्सर धुवायला दरवर्षी माझ्याकडेच या.

लेवाची_लेक
वहिनींचं ऐका. मळखाऊ नाही, पण दिसते झकास. रंगाचा धागा वेगळा काढा, इथे काढलात तर शंभर प्रतिसाद होतील.